आईला वाचता येत नाही, तरी पाढे येतात

कांदे काढायच्या वेळी अण्णांनी मला आठ दिवस घरी ठेवले. परत शाळेत आलो तर भागाकार निम्मा शिकवून झाला होता. मला काहीच कळेना. मग आई रोज भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "पाढे म्हण." तिला वाचता येत नाही. पण मी अडखळलो की तिला बरोबर समजतं. लगेच म्हणते, "पुन्हा पहिल्यापासून!" आता मला सतरापर्यंत पाढे येतात आणि भागाकारही जमतो.

बाईंनी सांगितले, आपल्याच जिल्ह्यात, पुण्याला, जोतीराव फुल्यांनासुद्धा वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांना समजावले. १८४१ साली वडिलांनी त्यांना पुन्हा शाळेत घातले. त्याच जोतीरावांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. वडील हटून बसले असते तर?

माझे मत असे, की आईवडिलांना शिकवता नाही आले तरी चालेल, पण खाडा करायला लावू नये. पालकसभेला आयाच येतात. वडील मंडळी पारावर बसतात. (रागावतील, पण खरे आहे.)

अण्णा, येत्या शनिवारी सभा आहे. कांद्याच्या गोण्या रविवारी भरू, मीपण येतो.