चेहरा तुमचा, साक्ष पोस्टाची

स्वतःचा फोटो छापलेली टपाल तिकिटं जमवणं हा पोरकटपणा आहे, असं जुने संग्राहक म्हणतात. मला ते पटत नाही. पण हा छंद करणारे बहुतेक जण तो अर्ध्यावरच सोडतात, हे मला त्याहून जास्त खटकतं. ते कोरी, करकरीत शीट प्लॅस्टिकच्या पाकिटात जपतात आणि शिक्का बसला की 'तिकीट खराब झालं' म्हणून हळहळतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. असल्या तिकिटाला खरी किंमत शिक्क्यामुळेच येते. तोवर ते फोटोचं महागडं स्टिकर असतं.

नेहमीच्या तिकिटावर काय छापायचं ते सरकार ठरवतं, त्यामुळे ते कोरं असलं तरी त्या देशाबद्दल काहीतरी सांगतं. पर्सनलाइज्ड तिकिटावर मात्र पैसे भरणारा देईल तो फोटो येतो. ऑस्ट्रेलियाने १९९९मध्ये ही कल्पना बाजारात आणली. आपल्याकडे 'माय स्टॅम्प' २०११च्या इंडिपेक्स प्रदर्शनात आलं. डिसेंबर २०२०मध्ये कानपूरच्या पोस्टातून दोन कुख्यात गुंडांचे फोटो असलेली तिकिटं रीतसर छापून मिळाली. फोटो कोणाचे, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे तिकिटावरचं चित्र एवढंच सिद्ध करतं, की कोणीतरी पैसे भरले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. वापरकर्त्याने फॉर्ममध्ये भरलेली तारीख आणि सर्व्हरने स्वतः नोंदवलेली तारीख, यांत वाद झाला तर आम्ही सर्व्हरची धरतो. तिकीट हा फॉर्म आहे, शिक्का ही सर्व्हरची नोंद. फ्रेंचांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. तिथे अर्ज टपालाने मागवताना 'काशे द ला पोस्त फेझाँ फ्वा' असं लिहायची पद्धत आहे: पोस्टाचा शिक्का हाच पुरावा. अर्ज कधी पोचला याला महत्त्व नाही, शिक्का कोणत्या तारखेचा ते बघायचं.

हा शिक्का वाचायला कठीण नाही. हाताने मारलेल्या गोल शिक्क्यात वर गावाचं नाव असतं, खाली बहुधा 'देपार्तमाँ'चं, म्हणजे जिल्ह्याचं. मधे तास, मग दिवस-महिना, मग वर्ष. '१८ एच' म्हणजे संध्याकाळचे सहा. गावापुढे 'आर. पी.' असेल तर ते तिथलं मुख्य पोस्ट ऑफिस. मशीनच्या शिक्क्यात शेजारी 'फ्लाम' असे, एक आयताकृती पट्टा. त्यात गावाची जत्रा, चीज, चर्च, समुद्रकिनारा यांची जाहिरात. पर्सनलायझेशन म्हणायचं तर हे होतं! ते एका माणसाचं नव्हतं, अख्ख्या गावाचं होतं.

आता हे सगळं ओसरलं आहे. टपालाचं वर्गीकरण मोठ्या केंद्रांत एकवटलं. तिथली मशीन इंकजेटने नागमोडी रेघा, तारीख आणि पाच आकडे-एक अक्षर असा कोड छापतात. गावाचं नाव नाही. त्याच काळात ला पोस्तने 'मोंतँब्रामुआ', म्हणजे 'माझं स्वतःचं तिकीट', ही सेवा विकली. चेहरा प्रत्येकाला मिळाला, गावाचं नाव मात्र गेलं. २०२३च्या १ जानेवारीपासून तातडीच्या पत्राचं लाल तिकीटही बंद झालं. त्याजागी आलेल्या ई-पत्रात मजकूर ऑनलाइन पाठवायचा, छापून पाकिटात घालायचं काम पोस्टाचं.

यावर लोक म्हणतात, कोड काही नवा नाही. खरं आहे. १८५२पासून फ्रान्समध्ये ठिपक्यांच्या चौकटीत पोस्ट ऑफिसचा नंबर असलेले शिक्के तिकिटांवर मारत. पण त्या नंबरावरून सामान्य माणसाला गाव कळत नसे, म्हणून पाकिटावर शेजारी नाव-तारखेचा गोल शिक्काही मारावा लागे. १८७६मध्ये नंबराचा शिक्का सोडून दिला आणि नाव-तारखेचाच शिक्का थेट तिकिटावर मारायला सुरुवात झाली. जो प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सुटला होता, तो आपण सुधारणा म्हणून परत आणला आहे.

दुसरं म्हणणं खर्चाचं. लांबलांबच्या गावांची पत्रं एका केंद्रात मिसळतात, तिथे प्रत्येकाचं गाव मशीनला कसं कळणार? नाही कळणार, कबूल. पण वर्गीकरणासाठी पाकिटाच्या खाली नारिंगी रेघांचा बारकोड छापलेलाच असतो. मशीनची गरज तिथे भागते. मग शिक्का माणसांसाठी ठेवायला काय हरकत आहे? इंकजेटला साचा लागत नाही. कोडऐवजी केंद्राचं नाव छापायला जादा खर्च जवळपास शून्य. अडचण तंत्राची नाहीच. वाचणाऱ्याचा विचार कोणी केला नाही, एवढंच.

म्हणून संग्राहकांना सांगणं आहे: पर्सनलाइज्ड तिकिटं जरूर घ्या, पण ती पत्रावर लावा आणि पत्र खरंच पाठवा. फ्रान्समध्ये असाल तर पत्र पेटीत टाकू नका, काउंटरवर द्या आणि गोल शिक्का हाताने मारून मागा. आलेलं पाकीट पाण्यात भिजवून तिकीट सोडवू नका, अख्खं पाकीट ठेवा. पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी हातात तुमचा अल्बम पडेल. अनोळखी बाळाचा किंवा नवरा-नवरीचा फोटो बघून त्याला काहीच कळणार नाही. पण खाली गावाचं नाव आणि तारीख असेल, तर ते पत्र कुठून आणि कधी निघालं एवढं तरी त्याला नक्की कळेल.