खुबानी, धूर आणि आजीची मिसरी

गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला मी वाढपी होतो. मसालेभाताचं पातेलं घेऊन पंगतीतून फिरत असताना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने हळूच विचारलं, "दादा, तू म्हणे पूर्वी घरीच व्हेपचं लिक्विड बनवायचास? आंबा आणि स्मोकी टोबॅको एकत्र कसं बसवायचं? एक तर आंबाच आंबा लागतो, नाहीतर सगळं जळकं लागतं." दोन पानं सोडून त्याची आई बसली होती. मी त्याच्या पानात भात वाढला, "नंतर बोलू" म्हटलं आणि पुढे सरकलो. ते नंतर काही आलंच नाही. म्हणून या महिन्याचं सदर त्याच्यासाठी, आणि विचारायला लाजणाऱ्या बाकीच्यांसाठीही.

हो, मी बनवायचो. २०१८ साली, इथेच हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये. कॉलेजात लागलेली सिगरेट सोडायची होती. दिवसाला आठ ओढायचो. कुणीतरी सांगितलं, व्हेपवर ये, निकोटिन हळूहळू कमी कर, सुटेल. इंजिनिअर माणसाला ‘हळूहळू कमी कर’ म्हटलं की तो स्प्रेडशीट उघडतो. मीही उघडली. किचनच्या ओट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आला, ड्रॉपर आले, तपकिरी बाटल्या आल्या. लिक्विडमध्ये गोष्टी चारच: प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर. पहिल्या तीन विकतच्या, चव मात्र आपली. आणि चवीतच मी अडकलो.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्याचं निरीक्षण बरोबर आहे. फळांचा वास बहुतेक एस्टर नावाच्या संयुगांचा असतो. केळं, अननस, सफरचंद यांचे एस्टर हलके, पटकन उडणारे. धुराचा वास फिनॉल गटातल्या जड रेणूंचा, तो रेंगाळतो. म्हणून नाकाला आधी फळ भेटतं आणि शेवटी फक्त धूर उरतो. मला या दोघांना एकत्र बांधणारं फळ हवं होतं. ते हैदराबादेत राहणाऱ्याला सापडायला किती वेळ लागणार? लग्नाच्या जेवणात शेवटी वाटीत येतो तो कुबानी का मीठा. जर्दाळूच्या वासात लॅक्टोन असतात. ते जड, सायीसारखे गोड, धुरासमोर टिकणारे. माझ्या फाइलचं नाव होतं ‘खुबानी’. आवृत्ती १.० फार गोड झाली, १.३ चुलीच्या राखेसारखी लागली. २.१ तीन आठवडे कपाटात मुरली आणि मग मात्र जमली. मित्र वाखाणायचे. खरं सांगतो, कुठलाही कोड पहिल्या फटक्यात चालल्यावर झाला नसेल एवढा आनंद मला त्या बाटलीने दिला.

डिसेंबरमध्ये आजी नांदेडहून आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. काचीगुड्याला उतरवून घरी आणली, दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. नाक वर करून म्हणाली, "मिसरी भाजायलास का रे तू?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दातांना लावायची, ती मिसरी. कुणाकडे मशेरी म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकींनी ती ‘दात घासायला’ म्हणून सुरू केली. माझी आजी रोज सकाळी डबी उघडायची आणि दुपारीही. लहानपणी सुट्टीत तिच्या घरी जाग यायची ती त्या तव्याच्या वासाने. तिने विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की सहा महिने मी बाटलीत जो ‘स्मोकी’ वास शोधत होतो, तो हाच होता.

मी तिला बाटली हुंगायला दिली. तिने हुंगली आणि हसली. "ह्यात गोड कशाला घातलंस? तंबाखूला कुणी गोड करतं का?"

आजीला माहीत नव्हतं, पण सगळे करतच आले आहेत. आणि त्यात आपल्या दख्खनचा वाटा मोठा आहे. १६०४-०५च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला. तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि रत्नजडित नळीसह आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली, की आमच्या ग्रंथांत ज्याची नोंद नाही असं काही घेऊ नये. असद बेगने वाद घातला, अमीर-उमरावांनी मागणी केली आणि धूर पसरला. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, तोवर उशीर झाला होता.

पुढे हुक्क्यासाठी खमिरा आला. तंबाखू, काकवी, मसाले आणि फणस-अननसासारखी फळं एकत्र करून आंबवायची. खमीर म्हणजे आंबवण. सालारजंग म्युझियमला गेलात तर बिदरी कामाचे हुक्के नीट बघा. काळ्या धातूवर चांदीची वेल कोरलेली असते, आणि त्या वेलीच्या वर, चिलमीत, फळांनी गोड केलेला तंबाखू जळायचा. अरबांकडून आलेल्या हुक्क्याच्या मसाल्याचं नाव ‘मुअस्सल’, म्हणजे मध घातलेला. दात घासायची गुडाखू गुळात मळलेली. सुगंधी जर्द्यात केवडा. म्हणजे माझी ‘खुबानी २.१’ काही नवी नव्हती. चारशे वर्षांच्या जुन्या युक्तीची ती फक्त पुढची आवृत्ती होती.

ही युक्ती कशासाठी, ते मला माझ्याच स्प्रेडशीटने दाखवलं. निकोटिन कडू आणि तिखट असतं. घशाला झोंबतं, आणि ते झोंबणं हाच शरीराचा ‘पुरे’ म्हणण्याचा प्रकार आहे. सिगरेट विझते, हाताला वास येतो, बाल्कनीत जावं लागतं. जर्दाळूच्या गोड वाफेला यातलं काहीच नव्हतं. मी डेस्कवर, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, रात्री दोनला लिफ्टमध्येही ओढायला लागलो. जूनमध्ये दिवसाला दोन मिलिलिटर लागायचं. नोव्हेंबरमध्ये पाच. ताकद तीच, मिलिलिटरला १२ मिलिग्रॅम. सोडण्यासाठी बनवलेल्या आलेखाची रेघ वर चालली होती आणि मी तिच्याकडे न बघता फ्लेवरचा रकाना भरत होतो.

आजीचं ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या रात्री तिला खोकला आला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला कमी दिसायचं. तिने फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात माझी बाटली होती. थंड जागी चव टिकते म्हणून मीच ठेवली होती, लेबलवर फक्त ‘२.१’ लिहून. तिने झाकण उघडून वास घेतला. खुबानी. तिला वाटलं, नातसुनेने शरबताचं काहीतरी आणलं असेल. अर्धा चमचा पाण्यात घालून एक घोट घेतला.

तो घोट अर्धाच पोटात गेला, कारण घसा भाजल्यासारखं झालं आणि तिने बाकीचा थुंकला. तरीही दहा मिनिटांत मळमळ, घाम, उलट्या. आम्ही तिला घेऊन जवळच्या दवाखान्यात धावलो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती गेलं असेल?" आकडा मला तोंडपाठ होता. तीस मिलिलिटरच्या बाटलीत ३६० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगरेटमधून शरीरात जातं साधारण एक-दोन मिलिग्रॅम. हे गणित मी कितीदा केलं होतं, पण माझ्या घरात ती बाटली दुसऱ्या कुणाच्या हाती लागेल, हा रकाना मी कधी केलाच नव्हता.

सकाळपर्यंत ती सावरली. वर्षानुवर्षांच्या मिसरीने तिच्या शरीराला निकोटिनची सवय होती, हेही डॉक्टरांनी सांगितलं. घरात दोन वर्षांचं मूल असतं तर? त्यांनी प्रश्न पूर्ण केला नाही. मग आजीचं तोंड टॉर्चने तपासताना ते थांबले. गालाच्या आत, मिसरी लागायची त्याच बाजूला, पांढरा चट्टा होता. ल्यूकोप्लाकिया. तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला नाही, पण होऊ शकतो, मिसरी आजपासून बंद, असं सांगितलं.

आजी गप्प बसली होती. मीही. घरी आल्यावर ती म्हणाली, "तू तुझं फेक, मी माझी डबी फेकते." आम्ही दोघांनी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत फेकलं.

पुढच्या काही गोष्टी तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकतो.

पहिली, "फ्लेवर तर खाण्याचेच असतात ना?" असतात. पण पोट आणि फुप्फुस या दोन वेगळ्या सिस्टिम आहेत. एकीकडे टेस्ट पास झालेली गोष्ट दुसरीकडे चालेलच असं नाही. लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल खाल्लं तर चालतं. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसुरीत मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं त्याच्या वाफेने कायमची आकसलेली आढळली. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवरची इ-सिगरेट लिक्विडं तपासली. त्यांतल्या ३९ मध्ये हेच रसायन सापडलं, आणि त्यांत फळांचे फ्लेवरही होते. ‘क्रीमी आंबा’ बनवताना आपण नेमकं काय घालतो, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

दुसरी, अमेरिकेतली २०१९ची साथ. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक इस्पितळात गेले, ६८ दगावले. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांतले बहुतेक गांजाच्या अर्काची काडतुसं ओढणारे होते, आणि मुख्य संशय व्हिटॅमिन इ अ‍ॅसिटेटवर आला. पण तेही त्वचेला लावायला, पोटात घ्यायला निर्धोक समजलं जाणारंच द्रव्य. ते कुणीतरी कुठल्यातरी ओट्यावरच मिसळलं होतं.

तिसरी, कायदा. १८ सप्टेंबर २०१९ पासून भारतात इ-सिगरेट आणि तिचे भाग बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं गुन्हा आहे. बनवण्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी फक्त घरी, स्वतःपुरतं’ हा बचाव कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी आजमावून बघण्यासारखा नाही.

चौथी, सोडायचं कसं. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनच्या गमवर आलो. बेचव, रबरासारखं. चार महिने चघळलं, मग कंटाळा आला आणि सुटलं. ते बेचव होतं याचा फायदाच झाला. सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे, तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर नंबर छापलेला असतो. आईला न सांगताही फोन करता येतो.

आजीचं काय झालं? पूर्ण सुटली असं लिहिलं तर ती नांदेडहून फोन करून मला खोटारडा म्हणेल. दोनदा शेजारणीकडून आणून लावलीन, दोनदा माझ्याकडे कबूल केलं. पहिले चार महिने आम्ही रोज संध्याकाळी फोनवर एकमेकांचा हिशोब घ्यायचो. "आज लावलीस?" "नाही. तू चघळलास?" "चार." आता वर्षातून एकदा तोंड तपासून घेते. चट्टा पुसट झालाय, गेला नाही.

तर मित्रा, रेसिपी मागितली होतीस, ती देतो. पाव किलो सुके जर्दाळू रात्रभर पाण्यात भिजव. सकाळी बिया काढून त्याच पाण्यात मंद आचेवर शिजव. पाण्याने आटून सरबरीत व्हायला हवं. साखर शेवटी, चाखून घाल. बिया फोडल्यास की आत बदामासारखा गर निघतो. आधी त्याचा कण जिभेला लाव. गोड असेल तर चार-सहा वर घाल, कडू लागला तर सरळ टाकून दे.

वरून साय घालून मंडळाच्या दिवाळी फराळाला घेऊन ये. उरलेलं बोलणं तेव्हा बोलू. या खेपेला मी भाताचं पातेलं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देईन.