वही कोरी नको!

वाघोलीच्या होस्टेलवर बसून इंटर्नशिप शोधताय? मग लॅपटॉपमधून जरा मान वर करा. वर्षावनासाठी अ‍ॅमेझॉन कशाला, सह्याद्रीतलं आंबोलीचं सदाहरित जंगल आहे की! तिथला 'आंबोली टोड' हा भेक २००९ मध्ये विज्ञानाला नव्याने कळला. जगात तो फक्त तिथेच सापडतो. जांभ्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. पावसाने उघडीप दिली की डबकं आटतं, पिल्लं मरतात. रस्त्यावर गाड्यांखाली मोठे भेकही चिरडतात. हे कळलं, कारण कुणीतरी भिजत, वाकून नोंदी घेतल्या. म्हणून सर्टिफिकेट आणि सेल्फीपुरतं जाऊ नका. शिकवणार कोण, आपल्या नोंदींचं पुढे होणार काय, हे आधीच विचारा. जळवा चावतील, चावू द्या. वही मात्र कोरी परत आणू नका!