‘हात लावू नका’ कुणासाठी?

शाळेच्या सहलीत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नागपूरचा अजब बंगला पाहिला असेल. १८६३ सालचं हे संग्रहालय. पण कुठल्याही संग्रहालयात जा, काचेआड वस्तू, खाली बारीक अक्षरातली पाटी आणि बाजूला ‘हात लावू नका’. ज्याला दिसतच नाही, त्याच्या वाट्याला तिथे काय येतं? सोबत्यानं केलेलं वर्णन अन् पायाखालची गार फरशी!

कुणी म्हणेल, आंधळ्याला संग्रहालय कशाला? त्याला माझं उत्तर आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. १८८१ मध्ये लोणी टाकळीला जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरी ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथरचना केली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात, ते उगाच नाही. अडचण समजण्याची नसते, वस्तू पोहोचवण्याची असते.

हाताच्या घामानं जुन्या वस्तू खराब होतात, हे खरं. मग प्रतिकृती करा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानं २०१५ मध्ये स्पर्शानं पाहण्याच्या प्रतिकृतींचं ‘अनुभव’ दालन सुरू केलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क आहे. म्हणजे हा दयेचा प्रश्न नाही.

आणि इथेच आपला, इंजिनिअरिंगवाल्यांचा संबंध येतो. अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा घ्या. त्यावर सुंदर कोरीव नक्षी आणि शिलालेख आहेत. सिव्हिलवाल्यांनी मापं घ्यावीत, मेकॅनिकलवाल्यांनी थ्रीडी प्रिंटरवर मॉडेल काढावं. मात्र पूर्ण दरवाजा लहान केला की नक्षी बोटाला लागत नाही, म्हणून नक्षीचा एक तुकडा मूळ मापात वेगळा हवा. सोबत ब्रेल पाटी. पण प्रत्येक अंध माणसाला ब्रेल येतंच असं नाही, तेव्हा बटण दाबताच मराठीत बोलणारं यंत्र इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी बसवावं.

एक पथ्य पाळायला हवं. अंध व्यक्तीला पहिल्या दिवसापासून गटात घ्या. आपण दोन मिनिटं डोळे मिटून मॉडेल चाचपलं म्हणजे टेस्टिंग झालं, असं होत नाही.

दरवर्षी सबमिशन आटोपलं की कितीतरी मॉडेल्स होस्टेलच्या खाटेखाली धूळ खात पडतात. सरांना माझी विनंती आहे, यंदाच्या प्रोजेक्टच्या यादीत हा एक विषय टाका. निदान एक तरी मॉडेल असं होऊ द्या, ज्याला लोकांनी हात लावावा म्हणूनच ते बनवलंय.