स्कॉलरशिपची दुसरी परीक्षा

आमच्या लहानपणी स्कॉलरशिप म्हणजे चौथीची आणि सातवीची. जादा तास, बुद्धिमत्ता चाचणीचं जाडजूड गाईड आणि लागलीच तर शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने नाव. पैसे किती मिळायचे? मला आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसणार. आपल्यासाठी ती मानाची गोष्ट होती, पैशांची नव्हतीच.

ती पैशांचीही असते हे मला पार चाळिशीत कळलं.

झालं असं, की आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी एका शनिवारी म्हणाल्या, "दादा, जरा कॉम्प्युटरवर बघता का? पोरीची स्कॉलरशिप यायची बंद झाली." मुलगी अकरावी सायन्सला. आठवीत तिने एनएमएमएसची परीक्षा दिली होती आणि यादीत आली होती. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती २००८ साली सुरू झाली. सरकारी, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतली मुलं, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, आणि आठवीत एक परीक्षा. देशभरात दरवर्षी १ लाख नव्या मुलांसाठी ती आहे. नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये. आपलं रविवारच्या जेवणाचं एक बिल. मावशींच्या घरात मात्र त्यावर पोरीचा बसपास, वह्या-पुस्तकं आणि थोडीफार क्लासची फी निघत होती.

मग बंद का झाली? नववी-दहावीला शाळेतल्या सरांनी स्वतःहून फॉर्म भरून घेतला होता. अकरावीला कॉलेज बदललं आणि तिथे कोणी काही बोललं नाही. हा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दरवर्षी नव्याने भरावा लागतो हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. "पास झालीय ना ती? मग परत कशाला अर्ज?" मावशींचा प्रश्न. खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. मुदत कधीच उलटून गेली होती. अकरावीचे १२ हजार गेले ते गेले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार घोळतोय. स्कॉलरशिपच्या परीक्षा दोन असतात. पहिली हुशारीची, ती मुलं देतात. दुसरी कागदांची, ती घर देतं. पहिलीची गाईडं रस्त्यावर मिळतात. दुसरीचं गाईड म्हणजे घरात फॉर्म वाचता येणारं एक माणूस. माझ्या घरी वडील होते. त्यांचं अक्षर होतं प्रत्येक फॉर्मवर. मी मात्र इतकी वर्षं समजत होतो की सगळं माझ्या मार्कांवर झालं!

आता तुम्ही म्हणाल, "सगळं नेटवर आहे की. ज्याला हवं तो शोधेल." मीही असंच म्हणायचो. मग तिच्या बारावीनंतरची तयारी आत्ताच करू म्हणून बसलो, आणि तीन शनिवार गेले.

पहिला शनिवार नावात गेला. मार्कशीटवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आधारवर नुसतं नाव-आडनाव. दुसरा बँकेत. खातं आईबरोबर जॉइंट होतं, ते मुलीच्या एकटीच्या नावावर हवं होतं. वर आणखी एक गंमत. आधारमार्फत येणारे पैसे तुम्ही शेवटी ज्या खात्याला आधार जोडलंत तिथे जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर तो पत्ता नाही, पॉइंटर आहे. कुठल्यातरी निमित्ताने दुसरं खातं उघडलं की पैसे तिकडे, आणि माणूस जुन्या पासबुकात शोधत बसतो. तिसरा शनिवार उत्पन्नाच्या दाखल्याचा. त्याची मुदत बहुधा ३१ मार्चला संपते. म्हणजे तो एप्रिल-मेमध्ये काढून ठेवायचा. बारावीच्या निकालानंतर सगळं गाव सेतू केंद्रात असतं.

यातलं एकही काम अवघड नव्हतं. पण घरकाम करणाऱ्या बाईला यातल्या प्रत्येक कामासाठी एक खाडा करावा लागतो.

आणि पुढे काय आहे ते बघा. बारावीला आपल्या शाखेत बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत आली आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं, तर केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. पदवीची पहिली तीन वर्षं दरवर्षी १२ हजार. इंजिनिअरिंगला किंवा डिप्लोमाला गेली तर एआयसीटीईची 'प्रगती' आहे, मुलींसाठी वर्षाला ५० हजार, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. महाराष्ट्रात २०२४ च्या जुलैमध्ये निघालेल्या शासन निर्णयाप्रमाणे ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की महाडीबीटीवर वेळेत अर्ज हवा. बहुतेक ठिकाणी दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येत नाहीत, तेव्हा आधी नियम वाचून मग निवडायचं. आणि "तुमची निवड झाली, प्रोसेसिंग फी भरा" असा मेसेज आला तर तो सरळ डिलीट करायचा.

मावशींना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. फरक एवढाच, की मला त्यावाचून काही अडलं नाही.

सरकारने फॉर्म सोपे करावेत, कॉलेजांनी नोटीस लावून हात झटकू नयेत, हे सगळं खरंच. त्याची वाट बघेपर्यंत एक बॅच बाहेर पडते. आपण काय करतो? दिवाळीला एक हजाराची नोट.. म्हणजे आता दोन पाचशेच्या.. देतो आणि मन मोकळं करतो. त्यापेक्षा शनिवारचे दोन तास द्या. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या सिस्टीममधल्या चुका शोधणारे लोक आपण, एका मुलीच्या नावाचं स्पेलिंग जुळवून देऊ शकत नाही?

तुमच्या घरी, सोसायटीत, ऑफिसात कामाला येणाऱ्या कोणाचं तरी मूल आठवी ते बारावीत असेल. नुसतं विचारा, "स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय का?" आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये दरवर्षीच्या अर्जाचं रिमाइंडर लावा. मी लावलंय, बारावीचं.

असो. येत्या शनिवारी मुलगी स्वतः येणार आहे. म्हणाली, "दादा, या वेळी फॉर्म मी भरते, तुम्ही नुसतं बाजूला बसा."

बसतो की!