कोल्हापूरच्या हवेतला धूर उसाचा की डिझेलचा?

फोनवर कुठलंही एक्यूआय ॲप उघडा. हवा चांगली की वाईट, ते रंगावरून लगेच कळतं. पण ती कुणामुळे बिघडली, हे कुठलंच ॲप सांगत नाही. कोल्हापुरात खरा वाद तर तिथेच आहे. शहरातला माणूस म्हणतो, शेतात पाचट पेटवतात म्हणून. शेतकरी म्हणतो, आधी तुमच्या गाड्या बघा. कुणी फाउंड्रीकडे बोट दाखवतं, कुणी साखर कारखान्याच्या चिमणीकडे.

हा वाद नुसता कट्ट्यावरचा नाही. 2019 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरही आलं. धूलिकण आधी 20 ते 30 टक्के आणि पुढे 2025-26 पर्यंत 40 टक्के कमी करायचं उद्दिष्ट ठरलं. त्यासाठी निधी येतो. तो रस्ते झाडायला वापरायचा, बसवर, की पाचट कुजवायच्या यंत्रांवर? दोषी कोण हे माहीत नसेल, तर पैसा चुकीच्या जागी जातो.

कणाची ओळख कशी पटवायची?

पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. त्यांना नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ फिल्टरवर कण गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनचे आयसोटोप मोजतात.

कार्बनचे बहुतेक अणू 12 वजनाचे असतात. शंभरात साधारण एक अणू 13 वजनाचा, थोडा जड. दोन्ही स्थिर, म्हणजे काळानुसार बदलत नाहीत. गंमत अशी, की सगळ्या वनस्पती हा जड कार्बन सारख्या प्रमाणात घेत नाहीत. ऊस, मका, ज्वारी यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने त्यांच्यात तो जास्त सापडतो. शास्त्रज्ञांच्या मोजपट्टीवर ऊस साधारण उणे 12 वर येतो. भात आणि बहुतेक झाडं उणे 27 च्या आसपास. डिझेल-पेट्रोलही झाडांच्याच जवळपास.

म्हणून मला वाटतं, ही पद्धत कोल्हापूरला फार उपयोगी आहे. इथे ऊस भरपूर आणि त्याची ओळख बाकीच्यांपेक्षा वेगळी. समजा, हंगामातल्या फिल्टरवर उणे 22 आलं. उणे 27 ते उणे 12 हे अंतर 15 चं, त्यातलं 5 कापलं गेलं. म्हणजे ढोबळमानाने एक तृतीयांश कार्बन उसासारख्या पिकाचा. हे फक्त समजण्यासाठी घेतलेलं उदाहरण आहे, प्रत्यक्ष मोजमाप नाही.

मग लाकूड आणि डिझेल कसं वेगळं करायचं?

त्यासाठी कार्बन-14 लागतो. हा किरणोत्सर्गी आहे, 5,730 वर्षांत निम्मा होतो. डिझेल आणि कोळसा कोट्यवधी वर्षं जुने, त्यामुळे त्यांच्यात तो शिल्लकच नसतो. परवा तोडलेल्या लाकडात मात्र असतो.

हे महाराष्ट्रात झालेलं आहे. पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीवमध्ये हवेतले कण गोळा करून स्टॉकहोम विद्यापीठाचे ओर्यान गुस्टाफसन आणि सहकाऱ्यांनी कार्बन-14 मोजला. 2009 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात निष्कर्ष आला: काजळीतला साधारण अर्धा ते दोन तृतीयांश भाग लाकूड, शेण, पिकांचे अवशेष असं जैविक इंधन जाळल्याने येतो. म्हणजे दक्षिण आशियात काजळी कमी करायची तर गाड्यांइतकंच चुलीकडे आणि शेतातल्या आगीकडेही बघावं लागेल.

पण घाई नको

आयसोटोप 'ऊस' म्हणेल. 'कुणाचा ऊस' ते सांगणार नाही. शेतात पेटलेलं पाचट, कारखान्याच्या बॉयलरमधलं बगॅस आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाणारं चिपाड, तिघांचा कार्बन एकच. शिवाय मका आणि ज्वारीची धाटंही त्याच बाजूला झुकतात. म्हणून वाऱ्याची दिशा, दिवसाची वेळ, गळीत हंगामाच्या तारखा आणि कणांमधली इतर रसायनं जोडीला बघावीच लागतात. रस्त्यावरच्या मातीच्या धुळीसाठी तर कार्बन पुरेसाच नाही, तिथे स्ट्रॉन्शियमसारख्या धातूंचे आयसोटोप कामाला येतात.

तरीही फरक मोठा आहे. नोव्हेंबरात कारखाने सुरू होण्याआधी, ऐन हंगामात आणि हंगाम संपल्यावर एकाच जागी फिल्टर लावले, तर उसाचा वाटा किती वाढतो आणि किती उतरतो ते आकड्यात दिसेल. वाढला नाही, तर शेतकऱ्याला उगाच शिव्या देणं थांबेल. वाढला, तर पाचट न जाळता कुजवण्यासाठी त्याला पैसे आणि यंत्रं द्या, ही मागणी भक्कम होईल.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "कोल्हापूरच्या प्रदूषणाला अमुक जबाबदार" असा मेसेज ग्रुपवर टाकला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: कण कुठे गोळा केले, कोणत्या महिन्यात, आणि त्यांची ओळख कशी पटवली?