दिव्यांची भाषा आणि तिचे मालक

संगणकाच्या पेटीत आणि टेबलाच्या कडेने लुकलुकणारे रंगीत दिवे हा साहित्याच्या अभ्यासकाने लेखणी उचलावी असा विषय नव्हे, असे आमच्या बहुतेक व्यवसायबंधूंचे ठाम मत आहे. ‘पोरांची चंगळ’ एवढ्या दोन शब्दांत ते त्याची वासलात लावतात. आम्हाला हे मत मान्य नाही. दिव्यांची आवड कोणाला असावी वा नसावी, याविषयी आम्हाला काहीही म्हणायचे नाही. आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला हुकूम देण्याची भाषा कोणाच्या मालकीची असावी, हा आमचा प्रश्न आहे; आणि भाषेच्या मालकीचा प्रश्न भाषेच्या शिक्षकांनी टाळावा, हे आम्हाला शोभादायक वाटत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. या प्रत्येक दिव्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म प्रकाशस्रोत असतात. प्रत्येकाची तीव्रता ० ते २५५ या आकड्यांत सांगतात. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ छटा संभवतात. आमच्या सांगोल्याच्या माळावर पिकणाऱ्या डाळिंबाचा दाणेदार तांबडा रंगही तीन आकड्यांत मांडता येतो, आणि ते तीन आकडे कोणत्याही कंपनीच्या दिव्याला सारखेच लागू पडतात. येथपर्यंत सारे सार्वजनिक आहे. परंतु हे आकडे दिव्यापर्यंत कोणत्या संकेतांनी पोचवायचे, ते मात्र प्रत्येक कंपनीने आपल्यापाशी राखून ठेवले. असूसची ऑरा सिंक, एमएसआयची मिस्टिक लाइट, गिगाबाइटची आरजीबी फ्यूजन, कोर्सेअरची आयक्यू, रेझरची क्रोमा अशी ही वेगवेगळी संस्थाने आहेत. त्यांच्यात अधूनमधून तहनामे होतात. पण ते कंपनी-कंपनीत होतात, ग्राहकाला त्यात आवाज नसतो.

याचा जाच सर्वाधिक कोणाला होतो? एकाच कंपनीचा संपूर्ण संच एकदम विकत घेणाऱ्याला होत नाही. तालुक्याच्या गावातला विद्यार्थी पैसे साठतील तसा एकेक भाग घेतो. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसऱ्या कंपनीची, कळफलक कोणाचा तरी वापरलेला. या सर्वांवर एकच रंग आणायचा तर तीन निरनिराळ्या आज्ञावली बसवाव्या लागतात. त्या संगणक सुरू होताच जाग्या होतात, स्मृतीतली जागा अडवून बसतात, आणि पुष्कळदा एकाच दिव्यावर हक्क सांगत परस्परांशी भांडतात. आधीच तुटपुंजी स्मृती असलेल्या यंत्राने दिव्यांसाठी हे ओझे वाहायचे, असा हा उरफाटा न्याय आहे.

मराठीच्या अध्यापकांना हे दुखणे नवे वाटू नये. नव्वदीच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा टंकप्रणालींच्या राज्यात वावरलो. एकीत लिहिलेला निबंध दुसरीत उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांचा खच पडे. लेख आपला, भाषा आपली. पण तो वाचायला परवानगी टंकाच्या मालकाची. युनिकोडने ही कोंडी फोडली, कारण ‘क’ला कोणता क्रमांक द्यायचा हे जाहीर झाले आणि ते कोणाही एका विक्रेत्याचे गुपित राहिले नाही. अक्षराच्या बाबतीत जे आपण अन्याय म्हणून ओळखले, ते प्रकाशाच्या बाबतीत व्यापारी रीत म्हणून का स्वीकारावे?

तसे न स्वीकारणारे लोक आहेत. ॲडम होन्स या प्रोग्रामरने असूसच्या दिव्यांचे संकेत उलगडण्यापासून आरंभ केला, आणि त्यातून ‘ओपनआरजीबी’ ही मुक्तस्रोत आज्ञावली उभी राहिली. कंपनीची आज्ञावली आणि दिवा यांच्यातला संवाद टिपायचा, कोणत्या संकेताने काय घडते ते ताडायचे, आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुला ठेवायचा, अशी ही रीत; अज्ञात लिपी वाचणाऱ्याच्या रीतीहून ती फार निराळी नाही. विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर ती चालते. खाते उघडायला सांगत नाही, जाहिरात दाखवत नाही, आणि अनेक कंपन्यांचे दिवे एकाच खिडकीतून एका रंगात आणते. हे काम एवढ्या सुटसुटीतपणे होऊ शकते, यावरूनच कंपन्यांच्या आज्ञावलींचा बोजडपणा तांत्रिक गरजेतून आलेला नाही, हे उघड होते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, कंपन्यांची आज्ञावली फुकट मिळते. मग तक्रार कशाची? फुकट मिळणाऱ्या वस्तूचीही किंमत असते. दिव्यांना आज्ञा देण्यासाठी या आज्ञावली संगणकाच्या अगदी गाभ्यापर्यंत पोचणारे ड्रायव्हर बसवतात. डिसेंबर २०१८ मध्ये सिक्युअरऑथ या संगणक-सुरक्षा कंपनीने ऑरा सिंकबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरमधील दोष जाहीर केले. त्यांतून सामान्य अधिकाराच्या वापरकर्त्यालाही यंत्राचा पूर्ण ताबा मिळवण्याची वाट खुली होत होती. टेबलावरच्या रोषणाईसाठी घराची मागची भिंत पाडून ठेवण्यासारखाच हा प्रकार होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुक्त आज्ञावली तरी निर्धोक कुठे आहे? तो आम्ही झटकून टाकत नाही. ओपनआरजीबीच्या पूर्वीच्या आवृत्तींमुळे एमएसआयच्या काही मदरबोर्डांवरील दिव्यांची यंत्रणा निकामी झाली होती. तिचा आधार असलेला विनरिंग-झिरो हा जुना ड्रायव्हरही सदोष होता, आणि मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरने तो धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. परंतु या अपघातांचे मूळ कोठे आहे? संकेत जाहीर असते तर ते अंदाजाने हुडकावे लागले नसते. दरवाजाची किल्ली लपवून ठेवायची आणि कुलूप बिघडले की चाचपडणाऱ्याला दोषी धरायचे, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. शिवाय स्वयंसेवकांनी नवा ड्रायव्हर लिहिला तरी त्यावर अधिकृत स्वाक्षरी मिळवण्याचा खर्च त्यांना झेपणारा नसतो, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून हलकी, मुक्त आज्ञावली ही आमच्या मते आवश्यक गोष्ट आहे, पण पुरेशी नाही. खरी मागणी जाहीर मानकाची आहे. ती अशक्य नाही, हे सिद्ध झाले आहे. यूएसबी उपकरणांच्या मानकात दिव्यांसाठी ‘लॅम्पॲरे’ ही तरतूद आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्या आधारे विंडोज ११ मध्येच ‘डायनॅमिक लायटिंग’ ही सोय दिली. कंपनीची वेगळी आज्ञावली न बसवता असे दिवे हाताळता येतात. मात्र ज्या उपकरणांनी हे मानक पत्करले, त्यांनाच ते लागू पडते. त्यापूर्वीची उपकरणे आणि पेटीतले बरेचसे भाग अजून बाहेरच आहेत. आमच्या विद्यार्थ्याचा वापरलेला कळफलक अशांपैकीच असण्याचा संभव अधिक.

जाहीर मानकाचा आणखी एक गुण मराठीच्या माणसाला सांगायला हवा. त्यात दुरुस्ती मागता येते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आरंभी स्वतंत्रपणे नव्हते; २००८ च्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. गुप्त टंकप्रणालीत अशी मागणी करायची तर ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिली असती. दिव्यांच्या बाबतीत ग्राहक आज त्याच मर्जीवर जगतो आहे. कंपनीने एखाद्या जुन्या भागासाठी आज्ञावली अद्ययावत करणे थांबवले की चांगला चालणारा दिवाही मुका होतो.

आमच्या व्यवसायबंधूंनी हे दिवे लावावेत, असा आमचा आग्रह नाही. मात्र वर्गात भाषा आणि सत्ता यांचा संबंध शिकवताना परदेशी समीक्षकांची नावे घेऊन थांबू नये. मागच्या बाकावरच्या ज्या विद्यार्थ्याने तीन कंपन्यांचे दिवे एका रंगात आणण्यासाठी रात्र घालवली, त्याला तो अनुभव मांडायला सांगावे. वस्तू माझी आणि तिची भाषा मात्र दुसऱ्याची, या वाक्याचा अर्थ तो पाठ्यपुस्तकापेक्षा नेमका सांगेल. आणि मग त्याला आपल्या टंकांची कहाणी सांगण्याचे काम आपले आहे.